जर्मन नन: कोलांटीच्या जातीचं, पण कोलांटी न मारणारं कबुतर

सुरुवातीलाच निकाल सांगतो. आभाळात कोलांट्या बघायच्या असतील तर जर्मन ननच्या जोडीवर पैसे घालू नका. त्यासाठी आपली उंच उडून कोलांट्या मारणारी गिरेबाज जात आहे, आणि ती कितीतरी स्वस्तात मिळते. पण सकाळी ढाबळीचं, म्हणजे कबुतरांच्या घराचं, दार उघडल्यावर डोळ्यांना सुख हवं असेल, आपली पिल्लं आपणच वाढवणारे आईबाप हवे असतील आणि मुंबईच्या पावसात टिकणारी शोभेची जात हवी असेल, तर मी पाळलेल्या विलायती जातींत ही सगळ्यात भरवशाची. अख्खा पावसाळा काढून, पिल्लं मोठी करून, मगच हे लिहितोय.

भांडुपला डोंगराच्या अंगाला आमचं जुनं घर आहे. वर अर्ध्या भागात पत्र्याची शेड, अर्धी गच्ची मोकळी. वडील गिरेबाज उडवायचे, त्यांची ढाबळ आता माझ्याकडे आहे. पोटासाठी वायरमनचं काम करतो, त्यामुळे सकाळचा एक तास आणि संध्याकाळचा एक तास एवढाच कबुतरांना देता येतो. ज्यांच्याकडे दिवसभर माणूस असतो त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. माझं मत या दोन तासांतलं आहे.

आधी पक्षी कसा असतो ते सांगतो, कारण बाजारात ननच्या नावाखाली काहीही खपवतात. अंग पांढरंशुभ्र. डोकं रंगीत, आणि तो रंग हनुवटीखाली गळ्यावर उतरून तिथे गोलाईत संपतो. पंखाच्या टोकाकडची लांब पिसं रंगीत, शेपटी पूर्ण रंगीत. मानेच्या मागे, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, शिंपल्यासारखा उभा पांढरा तुरा. काळं डोकं आणि त्यामागे पांढरा तुरा, यावरूनच जोगिणीचं नाव पडलं. रंग काळा, लाल, पिवळा, निळा असे मिळतात. आपल्याकडे काळाच जास्त दिसतो, आणि माझ्या मते सगळ्यात खुलतोही तोच. डोळा मोती, म्हणजे बुबुळाभोवतीचं कडं पांढरं. काळ्या डोक्यात तो पांढरा डोळा असा काही उठून दिसतो की पाहुणा आधी त्याच्याबद्दल विचारतो, तुऱ्याबद्दल नंतर. पायावर पिसं नाहीत, पाय स्वच्छ. हा मुद्दा लक्षात ठेवा, पावसाळ्याचं बोलताना परत लागेल.

आता कोलांटीचं. जर्मनीत या कबुतराची गणना टम्बलर, म्हणजे कोलांटी मारणाऱ्या जातींच्या गटात होते. तिकडे या गटात जाती ढिगाने आहेत आणि बऱ्याच शहरांनी आपली म्हणून एक जात घडवलेली आहे. बाल्टिक समुद्राकाठच्या श्ट्रालझुंडचं पांढरं, उंच उडणारं कबुतर, बर्लिनचं आखूड चोचीचं, तसंच लांब चोचीचं, कोलोनचं वेगळं, हॅनोव्हरचं वेगळं. पण यातल्या बऱ्याच जाती आता प्रदर्शनाच्या पिंजऱ्यासाठी पाळल्या जातात. पिढ्यानपिढ्या तुरा, डोळा आणि रंगाची रेघ बघून जोड्या लावल्या. कोलांटी बघून कोणी लावल्या नाहीत. मग ती टिकणार कशी? कोलांटी शिकवून येत नाही, ती रक्तात असावी लागते. डार्विनने स्वतः कबुतरं पाळली होती. त्यानेही लिहून ठेवलंय की ज्या पिल्लांनी दुसऱ्या कबुतराला कधी कोलांटी मारताना पाहिलेलं नाही, तीसुद्धा मारतात. म्हणजे उलट बाजूने पाहिलं तर ज्याच्या रक्तातून ती गेली, त्याला गिरेबाजांच्या थव्यात कितीही उडवा, ते मारणार नाही. माझ्या ढाबळीत नेमकं तेच दिसलं.

तरी विकणारा काय सांगतो? 'टम्बलर आहे साहेब, वर सोडा, चक्री बघा.' क्रॉफर्ड मार्केटच्या पक्ष्यांच्या बाजूला चक्कर मारली तेव्हा एका दुकानात हेच ऐकलं. भाव सहा हजार. 'जर्मनीवरून आलेली जोडी आहे' हेही वर. जिवंत पक्षी परदेशातून आणायला सरकारी परवाना आणि रोग नसल्याचे दाखले लागतात, तेव्हा असं कुणी म्हणालं की शांतपणे कागद मागावेत. मी मागितले तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. जात जर्मन असते, पैदास इथली असते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. उलट इथल्या हवेत दोन-चार पिढ्या निघालेलं कबुतर मी केव्हाही आधी घेईन.

त्याच दुकानात जे पाहिलं त्याचा मला खरंच राग आला. खालच्या पिंजऱ्यात एक पांढरं कबुतर होतं. दुकानातला पोरगा गिऱ्हाइकांना म्हणत होता, 'हे बघा, जागेवर कोलांटी.' कबुतर मान वर पिळून बसलं होतं. पिंजऱ्याला हात लागला की मागे मागे सरकायचं आणि उलटं पडायचं. मी वाकून बघत राहिलो. समोर बाजरी होती. ते दाण्यावर चोच मारत होतं आणि चोच दाण्याच्या शेजारी पडत होती. परत मारलं, परत शेजारी. खाली विष्ठा नुसती पाण्याची. ही कोलांटी नव्हे, ही मानमोडी. कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या विषाणूचाच भाऊबंद कबुतरांना हा आजार देतो. मज्जातंतूंवर परिणाम होतो, मान फिरते, तोल जातो. जमिनीवर लोळणारी लोटन जात आपल्याकडे जुनी आहे, पण निरोगी लोटन लोळून झालं की सरळ उभं राहतं आणि दाणा बरोबर टिपतं. फरक ओळखायचा तो दाण्यावर. नवख्या माणसाने ते आजारी कबुतर हौसेने घरी नेलं असतं आणि त्याची अख्खी ढाबळ बसली असती. शेजारच्या पिंजऱ्यात ननची जोडी होती, एकाच पाण्याच्या भांड्याच्या अंतरावर. मी हात न लावता बाहेर पडलो.

जाता जाता एक: त्या बाजूला कुणी हळूच पोपट किंवा मुनिया दाखवली तर घेऊ नका. आपले रानपक्षी पाळायला आणि विकायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.

जोडी शेवटी घेतली गोवंडीच्या एका चाचांकडून. मूळचे राजापूरकडचे, तिशीपासून कबुतरं ठेवतात, दुकान नाही. घराच्या माळ्यावर ढाबळ. माझ्या वडिलांना ते ओळखत होते, त्यामुळे चहा आधी आला आणि कबुतरं नंतर. मी म्हटलं, 'चाचा, हे कोलांटी मारतं का?' ते म्हणाले, 'अरे बाबा, मारत असतं तर मी तुला हे एवढ्यात दिलं असतं का? ह्याचं तोंड बघायचं आणि खूश राहायचं.' ज्या माणसाने विकायच्या वस्तूचं उणं आधी सांगितलं, त्याच्याकडून घ्यायला मला अडचण वाटली नाही. जोडी चार हजारांना ठरली.

शोभेच्या कबुतरांत मुंबईत दोन फसवणुकी नेहमीच्या. पहिली, जोडी म्हणून दोन नर. ननमध्ये नर-मादी दिसायला सारखे, त्यामुळे हे फार सोपं जातं. यावर एकच उपाय आहे: अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली जोडी घ्यायची, आणि दोघांना आळीपाळीने बसताना स्वतः बघायचं. नर साधारण सकाळी दहापासून दुपारी उशिरापर्यंत बसतो, बाकीचा वेळ आणि रात्र मादीची. म्हणून मी एकदा सकाळी लवकर गेलो आणि एकदा दुपारी जेवणाच्या वेळी. चाचांनी हसून दार उघडलं, कटकट केली नाही.

दुसरी फसवणूक पिसांची. पांढऱ्या अंगावर कुठे काळं पीस आलं, किंवा काळ्या शेपटीत एखादं पांढरं आलं, तर विकणारा ते उपटून टाकतो. समोर उभं राहून काही कळत नाही. कबुतर हातात घ्या, एक पंख पूर्ण उघडा. टोकाकडची लांब पिसं दहा असतात, ती मोजा. त्यातली बाहेरची बहुतेक रंगीत हवीत आणि दोन्ही पंखांत जवळपास सारखी हवीत. मग शेपटी पसरा, तिथे बारा. मध्ये फट दिसली आणि तिथे नुकती फुटलेली पिसाची नळी असली, तर काहीतरी काढलेलं आहे. माझ्या मादीच्या मांडीजवळ दोन काळी पिसं आहेत. चाचांनी ती स्वतः दाखवली आणि म्हणाले, 'प्रदर्शनात मार खाईल, घरात नाही.' बरोबर बोलले. पायात जोड नसलेली ॲल्युमिनियमची कडी असेल तर आणखी चांगलं. ती पिल्लू आठवडाभराचं असतानाच चढते, पुढची तीन बोटं आधी घालून मागचं बोट ओढून काढायचं. मोठ्या पायात ती जातच नाही. म्हणजे कडीवर कोरलेलं जन्माचं साल खोटं बोलू शकत नाही. माझ्या नराला कडी आहे, मादीला नाही. हे चालेल, पण असती तर बरं वाटलं असतं.

घरी आणल्यावर जोडी लगेच ढाबळीत घालायची नसते. जिन्याखालच्या वेगळ्या पिंजऱ्यात महिनाभर ठेवली, पाण्याचं भांडं वेगळं, दाणे घालायचा डबाही वेगळा. चोच उघडून घशात बघितलं. तिथे पिवळट, चीजसारखा थर दिसला तर तो घशाचा रोग, पाण्यातून पसरतो आणि आईबाप भरवतात तेव्हा पिल्लांना होतो. माझ्या जोडीचा घसा गुलाबी होता. मानमोडीची लस डॉक्टरांना विचारून दिली. पक्षी बघणारा डॉक्टर आपल्या वस्तीत सापडत नाही हे खरं. परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल बहुतेकांना माहीत आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच आवारात आहे. भांडुपहून लांब पडतं, पण औषधाच्या दुकानात विचारून गोळी चारण्यापेक्षा लोकल पकडलेली परवडते.

खाण्याचे नखरे शून्य. बाजरी, ज्वारी, मका, थोडा गहू, मसूर, हिरवा वाटाणा, थंडीत मूठभर करडई. एका कबुतराला दिवसाला 30 ते 40 ग्रॅम पुरतं. शिंपल्यांचा चुरा, विटेचा बारीक चुरा आणि चिमूटभर मीठ वेगळ्या वाटीत. मध्यम चोच असल्याने मक्याचा दाणासुद्धा सहज गिळतात. आखूड चोचीच्या जातींचं इथेच अडतं. त्यांना मोठा दाणा जमत नाही आणि पिल्लांना नीट भरवता येत नाही, म्हणून अंडी दुसऱ्या कबुतराखाली सरकवावी लागतात. माझ्यासारख्या नोकरदाराला ते जमणारं नाही. बर्लिनच्या आखूड चोचीच्या जातीचं कितीही आकर्षण असलं तरी मी तिच्या वाटेला जाणार नाही.

ननचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे आईबाप. मी घरट्यासाठी मातीचं परळ, म्हणजे पसरट भांडं, ठेवलं, बाजूला खराट्याच्या काड्या आणि तंबाखूची देठं टाकली. नर एकेक काडी उचलून आणायचा आणि मादीच्या पाठीवरून पुढे द्यायचा, ती अंगाखाली लावून घ्यायची. पहिलं अंडं संध्याकाळी, दुसरं एक दिवस सोडून दुपारी. त्यानंतर साधारण 18 दिवस. वर पत्रा तापला, खाली मिक्सरचा आवाज, गल्लीत लग्नाचा बँड, तरी कोणी उठलं नाही. माझ्याकडे आधी जेकोबिन या दुसऱ्या शोभेच्या जातीची एक जोडी होती, ती एवढ्याशा आवाजाने अंडी सोडून द्यायची. पिल्लं फुटली की पहिले काही दिवस दोघंही गळ्याच्या पिशवीत तयार होणारं घट्ट, दह्याच्या चोथ्याचं असावं असं दूध भरवतात. पाखरांत हे फार थोड्यांना येतं, आणि कबुतरांत ते आईइतकंच बापालाही येतं. पिल्लांचे गळे संध्याकाळी असे गच्च भरलेले असायचे की त्यांना मान धरवत नव्हती.

आणि मग जे दिसतं, त्यासाठी ही जात पाळावी. पहिला आठवडा उलटला की पिवळ्या मऊ केसांखालून पिसांच्या नळ्या फुटायला लागतात. पाठीवर, छातीवर, पोटावर फिकट. डोक्यावर काळ्या. पंखाच्या कडेला काळ्या, शेपटीच्या टोकाला काळ्या. अजून डोळे पुरते उघडायचे असतात, अंगावर धड पीस नसतं, पण पुढचा अख्खा नकाशा कातडीवर उमटलेला असतो. मी पिल्लू तळहातावर घेऊन बल्बखाली धरलं होतं, मानेमागे नळ्यांची एक रांग उलट्या दिशेला, डोक्याकडे तोंड करून उभी होती. तोच पुढे तुरा. मुलीला हाक मारून दाखवलं. तिला आधी कबुतरांचा कंटाळा होता, त्या दिवसापासून परळ साफ करायला ती येते.

ज्यांना पैदाशीत रस आहे त्यांच्यासाठी थोडं. हा तुरा आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. नन आणि गिरेबाजाची जोडी लावली तर पहिल्या पिढीत सगळी पिल्लं बिनतुऱ्याची, आणि डोकं-शेपटीची रेघ कुठच्या कुठे विस्कटलेली. 'नन क्रॉस' म्हणून जे विकतात ते हेच. त्याला ननचा भाव देऊ नका. पिवळ्या रंगाची गंमत वेगळी: पिवळा नर आणि लाल मादी लावली, तर अंड्यातून बाहेर येताना जी पिल्लं जवळपास बिनकेसांची असतात त्या सगळ्या माद्या, आणि केसाळ असतात ते नर. नर-मादीचा घोळ पहिल्याच दिवशी सुटतो. पिवळा नर आणि लाल मादी मिळाली की मी ती जोडी लावणार आहे, चाचांना सांगून ठेवलंय.

उडण्याबद्दल. बाहेरून आणलेली मोठी जोडी कधीच सोडू नये, ती परत येईलच असं नाही. उडवायची ती आपल्याकडे जन्मलेली पिल्लं, तीही आधी जाळीतून गच्ची ओळखीची झाल्यावर. माझी पिल्लं गिरेबाजांच्या थव्याबरोबर वर गेली. उडणं छान, पंख हलके, वळताना काळ्या शेपट्या एकदम पसरतात आणि पांढरी पोटं चमकतात. सातव्या-आठव्या मजल्याच्या उंचीवर फेऱ्या मारतात, अर्ध्या-पाऊण तासात खाली. गिरेबाज तेव्हा वर ठिपका झालेले असतात. कोलांटी? एका पिल्लाने शेपटी पसरून, पंख वर जोडून मागे कलण्याचा प्रकार केला. माझा श्वास अडकला. पण पालथं झालं नाही, सावरून पुढे गेलं. नंतरही तेवढंच. जुन्या रक्ताची ती खूण असावी असं मला मनापासून वाटतं, पण तेवढ्यावर कुणी त्याला कोलांटीचं कबुतर म्हणून विकू नये.

गिरेबाजाची गोष्टच वेगळी. अबुल फझलच्या नोंदीप्रमाणे अकबराच्या दरबारी वीस हजारांवर कबुतरं होती, त्यातली 500 खास, आणि त्यांनी किती चक्रं घेतली, किती कोलांट्या मारल्या याचा हिशेब असायचा. ती हौस आपल्या गल्ल्यांमधून अजून चालू आहे, आणि त्या कामाला नन लावणं हा दोन्ही जातींवर अन्याय आहे.

उडवण्यात मुंबईत एक खरा धोका आहे, तो शिकारी पक्ष्यांचा. आमच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. घारी बारा महिने, शिक्रा झाडीत दबा धरून, आणि थंडीत बहिरी ससाणा. पांढरं अंग डोंगराच्या हिरव्या-काळ्या पार्श्वभूमीवर लांबून दिसतं. थव्यात राखाडी गिरेबाज वाचतात आणि पांढरं टिपलं जातं, हे जुने कबुतरवाले सांगतात. माझंही एक पिल्लू तसंच गेलं. म्हणून नोव्हेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत मी नन बंद ठेवतो. मधे संक्रांतीचा मांजा असतोच. तेव्हा गिरेबाजसुद्धा सोडत नाही. मांज्याने कापलेला पंख एकदा शिवून आणलाय, परत बघायची इच्छा नाही.

पावसाळा. विलायती जातींची इथे खरी परीक्षा होते. पायावर पिसं असलेल्या जातींच्या पायांना जुलैत विष्ठेचे आणि मातीचे गोळे चिकटतात, अंडी त्यांनीच फुटतात. ननचे पाय स्वच्छ, त्यामुळे हा ताप नाही. पण पांढरं अंग मळतं. इथल्या धुळीने आणि काजळीने आठवड्यात पिवळट छटा येते. उघडीप मिळाली की घमेल्यात पाणी ठेवा, दोघंही तुरा भिजेपर्यंत लोळतात. ओला तुरा काही तास विस्कटलेला दिसतो, वाळला की आपोआप उभा राहतो. तुऱ्यामागे मात्र बोटाने पिसं बाजूला करून बघत जा. माझ्या नराला तिथेच उवा झाल्या होत्या, कारण चोच तिथपर्यंत पोचत नाही. कबुतरांची ती चपटी माशी दिसली तर दुर्लक्ष करू नका, कबुतरांचा मलेरिया तिच्यातूनच पसरतो. दाणे पावसात महिन्याचे भरू नका. बुरशीचा वास आला की तो डबा सरळ फेका, उन्हात वाळवून परत घालायचा विचारही नको.

आता सगळ्यात अवघड विषय, शेजारी. 2025 च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना, म्हणजे कबुतरांना दाणे घालायची जागा, ताडपत्रीने झाकला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि तेव्हापासून कबुतर म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते. मी त्यांना दोष देत नाही. कबुतराच्या पिसांची भुकटी आणि सुकलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसाला कायमची सूज येऊ शकते. हे पाळणाऱ्यालाच आधी होतं. म्हणून फ्लॅटच्या बाल्कनीत, बंद खोलीत, घरात दम्याचा माणूस किंवा तान्हं मूल असताना ही जोडी घेऊ नका, कितीही सुंदर असली तरी. माझ्याकडे ढाबळ तिन्ही बाजूंनी हवेशीर आहे, साफ करताना मास्क लावतो, विष्ठा आधी पाण्याने ओली करतो आणि मग खरवडतो, कोरडी कधीच झाडत नाही. शेजारच्या मावशींच्या खिडकीच्या बाजूला पत्रा लावला. त्यांनी एकदा विचारलं, 'अरे, तुझी ही पाखरं आमच्या वळचणीला तर येणार नाहीत ना?' त्यांना वर बोलावून दाखवलं. नन ढाबळ सोडून इमारतींच्या खाचांत वस्तीला जात नाही, रात्री परत आत. ननचं घुमणंही हळू आहे, पहाटे गिरेबाजच जास्त दंगा करतात.

जागा किती लागते हे बरेच जण विचारतात. एका जोडीला तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच खण मी देतो, आणि पिल्लांना मोकळं फिरायला वेगळी जाळी. जास्त जोड्या एकत्र कोंबल्या तर नर भांडतात आणि भांडणात आधी तुरा उपटला जातो. उपटलेला तुरा पुढच्या पीसझडीपर्यंत नीट येत नाही. प्रदर्शनाला न्यायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा.

गुण द्यायचे तर: दिसण्याला पाचपैकी पाच, आईबाप म्हणून पाच, पावसाळ्यात टिकण्याला चार, उडण्याला तीन, कोलांटीला शून्य. चार हजार रुपये वसूल झाले का? माझे झाले. सहा हजार मी दिले नसते.

घ्यायचीच असेल तर दसऱ्यानंतर घ्या. पीसझड तोवर आटोपत आलेली असते, अंगावर नवी पिसं असतात, रंगाची रेघ खरी काय आहे ते कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धी पिसं गळलेली जोडी कुणी कमी भावात देत असेल तर थांबा, कारण तेव्हा कुठलं पीस झडलं आणि कुठलं उपटलं हे चाचांनाही सांगता येत नाही. माझ्याकडची या हंगामातली पिल्लं दोन ओळखीच्या घरी जाणार आहेत, दोघांकडे गच्ची आहे, आणि दोघांनाही आधी सांगितलंय की वर बघून कोलांटीची वाट बघायची नाही.